रामकुंडावर दिलेला शब्द

काम दहा मिनिटांचं होतं. अंजलीवहिनींची अनुकंपाच्या अर्जावर सही घ्यायची, चहा प्यायचा आणि निघायचं. त्यांचा नवरा रंगनाथ आणि मी एकाच ठाण्यात हवालदार. दोन महिन्यांपूर्वी पेठ रोडच्या नाकाबंदीत एका टेम्पोने त्याला चिरडलं. त्याच्या जागी लेकीला, हर्षालीला, पोलिसात नोकरी मिळणार होती. नाहीतर पोलीस लाईनीतली खोली सोडावी लागणार.

वहिनींनी अर्ज हातातच घेतला नाही.

"भाऊजी, दहाव्याला कावळा शिवत नव्हता, आठवतंय?"

न आठवायला काय झालं. रामकुंडावर दीड तास उन्हात बसलो होतो. पोरीचं लग्न करू, गावाकडे आईला बघू, सगळ्यांनी सगळं कबूल करून झालं. कावळे भिंतीवर ढिम्म. शेवटी आगाऊपणा मीच केला. हात जोडून म्हणालो, 'रंग्या, हर्षालीला पोलिसात भरती करतो, माझा शब्द.' म्हणायचा अवकाश, कावळा पिंडावर.

"तेव्हापासून हे रोज येतात," वहिनी हळूच म्हणाल्या. "दुपारी चारला. विचारतात, झालं का... मला माझी पोर नाही पाठवायची. एक गेला तेवढा पुरे."

दुःखात माणसाला भास होतात, असं काहीतरी मी बोलणार, तेवढ्यात जिन्यावर बूट वाजले. सावकाश, एकेक पायरी, डाव्या पायावर जरा जोर... ही चाल मी वीस वर्षं ऐकलीय. डिझेलचा वास आत आला. बूट उंबऱ्यापाशी थांबले. दार उघडंच होतं आणि दारात कोणी नव्हतं.

हर्षाली स्वयंपाकघरातून उठून दाराकडे निघाली, कोणी हाक मारल्यासारखी. वहिनींनी तिचा दंड घट्ट धरला.

"शब्द तुम्ही दिलाय भाऊजी. तुम्हीच मोडा..."

माझी पाचावर धारण बसली होती. पण त्या पोरीचा चेहरा बघवेना. मी अर्ज फाडला.

"रंग्या... शब्द मागे घेतला. पोरीला सोड."

मग बूट वळले, जिना उतरत गेले. वासही गेला. वहिनी खाली बसून रडल्या, आणि खरं सांगतो, मीही रडलो.

घरी पोचतो न पोचतो तोच हर्षालीचा फोन.

"काका, पप्पा आता आमच्याकडे येणार नाहीत."

"कोण म्हणालं?"

"तेच. जाताना म्हणाले... ज्याने शब्द दिला, त्याच्याकडे जातो."

त्याला आज नऊ दिवस झाले. बसा, उठू नका एवढ्यात. हे माझं घर तळमजल्यावर आहे, इथे जिनाच नाही. तरी चार वाजले की कोणीतरी चढायला लागतं. रोज दोन पायऱ्या जास्त. काल सोळा झाल्या.

लाईनीतल्या त्या जिन्याला अठरा आहेत.