पान एक्केचाळीस

"‘कमला. निपुत्रिक. वारली १९४६.’ अगं सावनी, मग मी कोण?"

त्र्याऐंशी वर्षांच्या विमलाआजीने वहीवर बोट टेकवलं.

कुलवृत्तांत उद्या सकाळी छापायला जाणार होता. रत्नागिरीत श्रीपतीआजोबांच्या पडवीत सगळं कुळ जमलं होतं. हस्तलिखित वहीत असेल तेच छापायचं, असं ठरलेलं. म्हणजे आजीची आई उद्यापासून कायमची निपुत्रिक.

नात सावनी प्राणिशास्त्र शिकलेली. तिने देवरूखच्या शाळेचा दाखला पुढे केला. १९४९, पहिली, विमला. पालक : आई, कमला.

"शाळावाले काहीही लिहितात," संपादक श्रीपतीआजोबा म्हणाले. हे पायाळू, लाथ मारून निम्म्या गावाच्या धरलेल्या कंबरा सोडवणारे. "अक्षर माझ्या वडिलांचं आहे. त्यांना जाऊन तीस वर्षं झाली. वर जाऊन विचार."

"वही कुणाकडे असते?"

"माझ्या कपाटात. किल्ली ही, जानव्याला."

"यज्ञेशदादा, तू स्कॅन केलीस ना?"

"काल, इथेच, सगळ्यांसमोर," तिचा चुलतभाऊ यज्ञेश उसळला. "माझ्यावर नको ढकलू हां!"

"आणि ही भोकं?"

"गेल्या पावसात कसर लागली," आजोबा म्हणाले. "मधली पानं पोखरलीन मेलीने."

सावनीने केरसुणीचा हीर मोडला, एकोणचाळिसाव्या पानाच्या भोकात घातला. हीर एक्केचाळीसवर अडला. ते पान उचलताच त्रेचाळीस, पंचेचाळीसमधून आरपार गेला.

"कसर उडी मारून पुढे जात नाही. ती लागली तेव्हा हे पान इथे नव्हतं. शेवटच्या कोऱ्या पानांतलं एक कापलेलं दिसतंय, ते हेच. गेल्या पावसानंतर मूळ पान काढून, त्याजागी लिहून चिकटवलेलं. तीस वर्षांपूर्वी गेलेले ते लिहिणार नाहीत. यज्ञेशदादाने वही चारचौघांत हाताळली. उरली जानव्याची किल्ली. वडिलांसारखं अक्षर छान काढता, आजोबा."

आजोबांनी वही ओढून घेतली.

"विधवा बाई पोर घेऊन घराबाहेर पडली, सुईणपणं करत हिंडली! हे छापू? लोक तोंडात शेण घालतील!"

विमलाआजी काठी टेकत उठली.

"श्रीपती, पायाळू म्हणून मिरवतोस ना? तुझ्या आईचं पहिलं बाळंतपण माहेरी, देवरूखला. आधी पाय आलेलं पोर जिवंत कुणी काढलं, ठाऊक आहे? गरम पाणी मी आणत होते. दहा वर्षांची होते मी."

आजोबांचा हात किल्लीवर गेला, तिथेच राहिला.

आजीने पेन पुढे केलं.

"निपुत्रिक खोड. मुलगी लिही. धंदा लिही, सुईण. तुझ्याच हाताने, सगळ्यांदेखत."