मागचा पंखा

खुमेंद्र कटरे दुपारच्या पॅसेंजरनं दरेकसाला उतरला, तेव्हा फलाटावर त्याच्याखेरीज चिटपाखरू नव्हतं. मे महिन्याचं ऊन मी म्हणत होतं आणि वारा असा पडलेला की पळसाचं पान हलेना. पाठीवरच्या पिशवीत पेचकस, ब्रश, प्रोसेसरला लावायची पेस्ट, आणि लू लागू नये म्हणून बायकोनं कोंबलेला कांदा.

गोंदियात फुलचूरच्या रस्त्याला त्याचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. खुमेंद्र भुताखेताला भीत नाही अशी त्याची ख्याती होती. त्यात शौर्य कसलं आलंय? त्याचा विश्वास फक्त धुळीवर होता. मशीन बंद पडो, बोंबलो नाहीतर गरम होवो, आधी धूळ बघावी आणि मग देव आठवावा, असं तो गिऱ्हाइकांना ऐकवायचा.

सकाळी फोन आला होता. "भाऊ, मी खुशबू उईके, दरेकसाहून. मशीनचे पंखे लय आवाज करून राह्यले. मंग तापून बंदच पडते. आन्..." पोरगी त्या 'आन्'वर अडली होती. खुमेंद्रनं पुढचं विचारलं नाही. विचारायला हवं होतं, हे त्याला त्या घराच्या उंबरठ्यावर कळलं.

कौलारू घर, मागे लगेच जंगल. आत अंधार होता आणि मोहफुलांचा गोडूस, जडसर वास. लाकडी बाकड्यावर काचेच्या कुशीचं काळं मशीन उभं होतं. अशी पाण्यानं थंड होणारी मशीनं गोंदियातही हौशी पोरांकडेच सापडायची. हे मशीन खुशबूच्या मोठ्या भावानं, रोशननं, नागपुरात कार्टूनच्या कामाला असताना एकेक भाग जमवून बांधलं होतं. सिकलसेलच्या आजारानं थकून घरी परतला तेव्हा ते बरोबर आणलं, आणि अंथरुणात बसून बहिणीला त्यावर चित्रं चालवायला शिकवलं. याच माघात तो गेला.

"आज संध्याकाळपर्यंत फिल्म धाडाची हाय," खुशबू म्हणाली. "दादाच्याच जुन्या स्टुडिओत. त्यायनं पास केली तं मले घेतील. पण चित्रं जोडून फिल्म तयार होता होता मशीन अर्ध्यातच बंद पडते."

दारात तिची आई उभी होती. धनवंताबाई. ती खोलीत येत नव्हती. "संध्याकाळी माहा भाऊ टेम्पो घेऊन येते," ती बाहेरूनच म्हणाली. "चैतराम. तेवढ्यात हा आवाज थांबवा. नाही थांबला तं मशीन या घरात राहणार नाही. माह्यानं ऐकवत नाही, बापू..."

खुशबूनं मान खाली घातली. मशीन गेलं की तिचं सगळंच गेलं, हे सांगायला कोणी लागत नव्हतं.

खुमेंद्रनं बटण दाबलं. पहिल्यांदा सारं ठीक वाटलं. मग मशीनच्या पोटातून एक ओला आवाज आला. घर्र... थांबला. घर्र... पुन्हा थांबला. छातीत कफ भरलेला माणूस घेतो, तसा श्वास. खुमेंद्रच्या हातातला पेचकस तसाच राहिला. हळूहळू पंखे चढू लागले, खोली घुमू लागली, आणि त्या घुमण्यावरून एक बारीक शीळ उमटली. शिळेला सूर होता. ती खाली यायची, दम घ्यायची आणि पुन्हा वर जायची.

"अस्साच श्वास होता त्याचा," दारातून आवाज आला. "शेवटच्या रात्री..."

"आन् शीळ?" खुमेंद्रनं हळूच विचारलं.

खुशबू कुजबुजली. "दादा खळ्यावर घालायचा. धान उडवताना वारा पडला का शीळ घालून बोलवायचा. बाबानं शिकवलं होतं. आमच्याकडे सारेच घालतात, पण वारा यायचा तो दादालेच."

खुमेंद्रनं झटकन मशीन बंद केलं आणि नेहमीचा मंत्र म्हटला: आधी धूळ. काच उतरवली, टॉर्च मारली. आणि धुळीनं त्याला एक विचित्र गोष्ट सांगितली. वरच्या बाजूला धूळ असते तशी होतीच. पण आतल्या छतालाही, वटवाघूळ लटकावं तशी, धुळीची दाट साय चिकटलेली. धूळ खालून वर पडत नाही.

"मावशी," तो म्हणाला, "हे मशीन उलटं ठेवलं होतं का कोणी?"

धनवंताबाई उंबरठ्यावरच बसली.

"माणूस गेला का त्याची खाट उलटी करतात ना. तो तं दवाखान्यात गेला. ती खाट दवाखान्याची." तिनं पदर तोंडाला लावला. "घरात त्याचं काय होतं? रातदिस याच्याच पुढे बसे. मंग मी हेच उलटं केलं. तेरवी होईपर्यंत ठेवलं. सरळ केलं तवापासून हे श्वास घेऊन राह्यलं."

खुमेंद्रनं आजवर मशीनवर पाणी सांडलेलं पाहिलं होतं, आत उंदरांनी संसार थाटलेला पाहिला होता. खाटेसारखं सुतकात उलटं केलेलं मशीन तो पहिल्यांदाच पाहत होता. त्याला हसू आलं नाही. टॉर्च खाली ठेवून तो दाराकडे वळला.

"मावशी, ऐका. याच्या नळीत पाणी आहे आणि पाण्यात थोडी हवा. हवा नेहमी वर चढते. एरवी ती वरच्या रेडिएटरच्या जाळीत बसते, कोणाला त्रास नाही. तुम्ही उलटं केलं तेव्हा पंप वर गेला, आणि हवा त्याच्यात जाऊन अडकली. पंपाला पाणी ओढता येईना. म्हणून घरघर, म्हणून तापणं, म्हणून पंख्यांची बोंबाबोंब. तुमच्या हातून काही वाईट झालं नाही."

त्यानं मशीन पुन्हा चालू केलं, दोन्ही हातांनी धरलं आणि लहान लेकराला ढेकर काढायला घ्यावं तसं अलगद एका कुशीवर कलवलं, मग दुसऱ्या. घर्र... घर्र... नळीतून बुडबुडे सरकले. खुशबू तोंडावर हात ठेवून बघत होती. तिसऱ्या-चौथ्यांदा कलवलं आणि एक लांब, मोकळा सुस्कारा वरच्या जाळीत चढून गेला.

घरघर थांबली. पडद्यावरचं तापमान उतरू लागलं. त्यामागोमाग पंखेही उतरले.

धनवंताबाई खोलीत आली होती. केव्हा आली ते कोणालाच कळलं नाही. "मोकळा झाला," एवढंच ती म्हणाली, आणि इतक्या महिन्यांचं साचलेलं रडू तिला फुटलं.

पण शीळ राहिली होती.

खुमेंद्रनं कारागिराची जुनी युक्ती केली. एकेका पंख्याच्या मधल्या गोल बोंडावर बोट टेकवून तो क्षणभर थांबवायचा आणि कान द्यायचा. वरचा पहिला थांबवला, शीळ चालूच. दुसरा थांबवला, तरी चालूच. मग मागच्या पंख्यावर बोट टेकवलं.

शीळ तुटली.

"थांबवू नका त्याले!" धनवंताबाई ओरडली, आणि आपल्याच शब्दांनी दचकली. दुपारपासून आवाज थांबवा म्हणणारी तीच होती.

"बेअरिंग गेलंय मावशी, दुसरं काही नाही," खुमेंद्र म्हणाला. धनवंताबाईनं मान वळवली, पण त्याला अडवलं नाही. त्यानं मागचा पंखा काढून पिशवीत टाकला. तिथं चौकोनी भोक राहिलं. "नवीन बुधवारी लावून देतो. तोवर मशीन थोडं तापेल, पण काम निभेल."

खुशबूनं फिल्म तयार करायला लावली. एका रानकोंबडीची गोष्ट होती. पडद्यावरची रेघ मुंगीच्या पावलानं पुढे सरकू लागली, आणि खुमेंद्र चहा पिऊन स्टेशनाकडे निघाला.

ऊन कललं होतं. फलाटावर अजूनही वाऱ्याची झुळूक नव्हती. बाकावर बसल्या बसल्या त्यानं सवयीनं पंखा बाहेर काढला, बेअरिंग बघावं म्हणून मांडीवर आडवा ठेवला. त्याची वायर मोकळी लोंबत होती.

पंखा फिरू लागला.

हळू, सावकाश, अजिबात आवाज न करता. खुमेंद्रनं पळसाकडे पाहिलं. एक पान हलत नव्हतं. तेवढ्यात फोन वाजला आणि तो जागच्या जागी उडाला.

"भाऊ, फिल्म गेली!" खुशबू हसत होती, रडतही होती. "एकदाही बंद नाही पडली. मामाचा टेम्पो आईनंच रिकामा परत लावला. पण भाऊ... तुमी मागं नवा पंखा लावला का?"

"नाही... तिथं भोक आहे नुसतं."

"मंग हा वारा कुठून येऊन राह्यला? मशीन तं थंडगार हाय. आई सूप घेऊन मागं बसली, तांदूळ पाखडून राह्यली. कोंडा पार दारापर्यंत उडते..."

खुमेंद्रनं मांडीकडे पाहिलं. त्यानं बोट मधल्या बोंडावर टेकवलं. पंखा थांबला.

"अगं बाई," पलीकडे खुशबू म्हणाली. "वारा थांबला..."

त्यानं बोट उचललं.

"आला. पुन्हा आला भाऊ!"

जे घडलं ते त्यानं जसंच्या तसं सांगून टाकलं. "परत आणून देऊ का?" त्यानं विचारलं. पलीकडे कुजबुज झाली, सूप खाली ठेवल्याचा आवाज आला, आणि फोनवर धनवंताबाई आली. तिचा आवाज दुपारचा नव्हताच.

"राहू द्या तुमच्यापाशी, बापू. इथं पोरीचं काम चालू हाय, तिकडं त्याचं चालू द्या. पोरालेही आता चार गावं हिंडू द्या. फकस्त थांबवू नका त्याले."

बोगद्याकडून गाडी आली. खुमेंद्र खिडकीशी बसला, पंखा गुडघ्यांवर, हात फक्त चौकटीला. समोरच्या प्रवाशानं बराच वेळ त्या लोंबत्या वायरकडे पाहिलं आणि विचारलं, "भैया, ये चल किससे रहा है?"

खुमेंद्रनं पंख्याचं तोंड त्याच्याकडे वळवलं. सालेकसा गेलं, आमगाव गेलं. भट्टीसारख्या त्या डब्यात समोरच्या माणसानं शर्टाचं वरचं बटण उघडलं आणि हळूहळू डोळे मिटून घेतले. त्याच्या कपाळावरचे केस उडत होते.