पाण्यातली सुलटी होडी

निवृत्तीनंतर मी बोईसरला मुलांना संगणक शिकवत असे. १९९४ची गोष्ट. भाड्याची खोली, एकच यंत्र, खिडकीतून येणारा कारखान्यांचा आंबूस वास.

तारापूरच्या कोळ्यांची एक मुलगी, लाडकी नावाची, शाळा सुटली की माझ्याकडे येऊन बसायची. तिची आई जमना तोवर बाजारात मासळी विकायची. त्या आठवड्यात समुद्रावर गेलेल्या सगळ्या होड्या परतल्या होत्या. लाडकीच्या बापाची, देवूची, तेवढी आली नव्हती. पोरीचं मन रमावं म्हणून मी तिला पडद्यावर पाणी काढायला शिकवत होतो.

“पाणी अवघड असतं, बाळ. थोडा उजेड त्यावरून परततो, थोडा आत शिरतो. वरचं त्यात उलटं दिसतं, आतलं सुलटं.”

आम्ही आज्ञावली लिहिली. आकाश, सूर्य, पाणी. आणखी काही नाही. यंत्र एकेका ठिपक्याचा उजेड मोजत, ओळीमागून ओळ, वरून खाली चित्र रंगवू लागलं.

लाटांमध्ये काळपट आकार उमटला.

“बाची होडी!” लाडकी ओरडली. “तो पांढरा पट्टा बघा.”

“तू घातलीस?”

“नाय, गुरुजी. मला कुठं येतं?”

मी आज्ञावली वाचून काढली. होडी नव्हती. चूक सापडली नाही की चित्र पुन्हा काढून पाहायचं, ही माझी रीत. पुन्हा काढलं. होडी होतीच, पण खाली गेलेली, फिकट.

“प्रतिबिंब असेल,” मी म्हणालो.

लाडकी पडद्याजवळ सरकली. “ते उलटं असतं ना, गुरुजी? ही तर सुलटी हाय.”

खात्रीसाठी मी तिसऱ्यांदा चित्र सुरू केलं.

तेवढ्यात जमना रिकामी टोपली घेऊन दारात आली. “काय गुरुजी, आमच्या दारात पाणी कमी हाय, म्हणून पोरीला काचेतलं दावता?”

कोणी हसलं नाही.

“आये,” लाडकी म्हणाली, “बाची होडी दर वेळी खाली जाते.”

जमनाने पडद्याकडे पाहिलं. आकाश झालं होतं. पाण्याच्या ओळी उतरत होत्या.

“थांबवा ते.”

मी कळ दाबली. थांबेना. वायर उपटली.

ओळी उतरतच राहिल्या.

होडीची जागा आली. तिथे नुसतं पाणी होतं. उन्हात चमकणारं, अगदी खरंखुरं.

जमनाने हातातल्या हिरव्या बांगड्यांवर पदर ओढून घेतला, कोणी त्या उतरवायला आल्यासारखा.