मागच्या सीटवरची थरथर

मोबाइल खिशात घाला आधी. आन् गणराज, तू दात काढू नको, हसायची गोष्ट न्हाई ही. मन्सूर माझा जुना दोस्त, दिघीला त्याचं गॅरेज हाय. त्याच्याच तोंडून ऐकलीय, आन् त्यो माणूस खोटं बोलणारातला न्हाई.

मागच्या डिसेंबरातली अमावास्या. रातची, इशाची नमाज होऊन गेलेली. मन्सूर गॅरेजात एकटाच एका गाडीशी झटत व्हता. चऱ्होलीच्या पलीकडं टेकडीवर पाहुण्यांना फिरवतात ना, चार जाड टायरची, मोटारसायकलवाणी हँडल असलेली? ती. ती चालवायला मन्सूरचाच धाकटा भाऊ, अजिम. आई गेल्यावर मन्सूरनं त्याला पोटच्या पोरासारखा वाढवलेला.

अजिम कधीपासून सांगत व्हता, ‘भाई, मागं माणूस बसला की गाडी अशी थरथरती, हँडल हातात ऱ्हात न्हाई. एखाद दिवशी दरीत जाईन मी.’ गाडीचा मालक म्हणायचा, कामचुकार हायस, सकाळी गाडी टेकडीवर पायजे म्हंजे पायजे. मन्सूरच्या जिवाला घोर लागला. सकाळी तिच्यावर अजिमच बसणार व्हता.

त्यानं बघायचं काय ठेवलं न्हाई. चारी टायरची हवा सारखी केली. चाकं उचलून हातानं फिरवली. रिम सरळ, बेरिंग ठीक, इंजिनाचे नट घट्ट. रिकामी चालवली तर गाडी गुमान चालायची. मागं वजन घालून बघायचं तेवढं राह्यलं. अजिम डबा घेऊन येणार व्हता, त्याचीच वाट.

आता ह्या मेकॅनिक लोकांची एक खोड असती. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला, मूठ कानाला, आन् डोळे मिटून ऐकायचं. मन्सूर तसाच बसलेला. पाठीमागं पावलं वाजली. त्यानं मान वळवली न्हाई. म्हणला, ‘आलास? बस मागं.’

अरं, अमावास्येच्या रात्री न बघता कुणाला ‘बस’ म्हणत्यात व्हय? पण त्याचं सगळं ध्यान इंजिनात. त्यो पुढं चढला. मागची सीट दबली. त्यानं गाडी काढली.

काय गं योगिनी, दार लावू म्हणतीस? लाव, लाव.

लष्कराच्या भिंतीकडंनं एक उतार हाय. तिथं पोचायच्या आधीच गाडी थरथरायला लागली. मन्सूर खूश! म्हणला, आता सापडतीस. उतारावर त्यानं न्यूट्रल टाकून इंजिन बंद केलं. थरथर थांबली तर दोष इंजिनात, न्हाई थांबली तर चाकात.

न्हाई थांबली.

‘चाकंच दिसत्यात, अजिम.’

त्यानं ब्रेक दाबून लॉक केला. गाडी उभी. इंजिन बंद. चाकं बंद.

थरथर... चालूच.

‘अजिम... थंडी वाजती का रं?’

...

खिशात फोन वाजला. ‘भाई, डबा घेऊन गॅरेजवर आलोय. कुठं हायस?’

मन्सूरनं मागं बघितलं न्हाई. उतरला. कसाबसा रस्त्याच्या कडंला गेला. बसला. तिथनं नजर टाकली, तर गाडी खडखडत व्हती. रिकामी.

ट्रायलला मन्सूर त्याच उतारावर जातो, अजिमला ठाऊक व्हतं. आला शोधत. मन्सूरची दातखीळ बसलेली. ‘तिच्यावर बसू नको’, एवढंच सांगायचं व्हतं त्याला. अजिमला वाटलं, भाऊ गारठलाय. त्यानं अंगातलं जर्किन काढून भावाला घातलं. म्हणला, ‘थांब, ही गॅरेजात लावून येतो.’

बसला. तशी खडखड थांबली. चालू केली. लांबून ओरडला, ‘भाई! थरथर गेली की! लोण्यावाणी चालतीय!’

गाडी तेव्हापासून ठणठणीत हाय. थरथरतो त्यो अजिम. कपातला चहा कपात ऱ्हात न्हाई. डॉक्टर झाले, ताईत झाला, काम गेलं. मन्सूर लेकरावाणी रडतो. म्हणतो, मीच बसवलं ते मागं, मीच.

परवा गेलतो मी त्यांच्या घरी. अजिम खाटेवर बसलेला. खाट थरथरत व्हती. मन्सूर म्हणला, ‘अजिम, जरा बाहेर बस.’

पोरगं उठलं. उंबऱ्याबाहेर गेलं.

मन्सूरनं माझा हात धरला... खाटेवर ठेवला.

खाट थांबली न्हाई.