मागायला ये

दसऱ्याच्या तोंडावर देवराज मार्केटात पावसानं गाठलं आणि मी बाहुल्यांच्या दुकानाच्या ताडपत्रीखाली शिरले. नाक उडालेला मातीचा शेट्टी, म्हणजे दुकान मांडून बसलेला वाणी, हवा होता. दुकानदाराशी कन्नडात घासाघीस करताना मी मराठीत पुटपुटले, "मेला, नसलेल्या नाकाचेही पैसे लावतो!"

शेजारी कुणीतरी खुदकन हसलं.

"नाकाशिवाय शेट्टीला वास कसा येणार, हो?"

"पैशाचा येतो की. तुम्ही आपलं सुम्ने, उगाच, हसा तिकडं."

हा अनंतकृष्ण. इथल्याच चामराजपुरमचा, घरी मराठी बोलणारा, पण आता नोकरीला रॉटरडॅमला. दसऱ्यापुरता घरी आलेला. आणि मी नागरत्ना. मेटगळ्ळीतल्या निराधार मुलींच्या वसतिगृहात वाढले आणि आता तिथल्याच पोरींची अक्का झाले. हे ऐकल्यावर त्याचं हसू मावळलं. दुसऱ्या दिवशी तो दारात हजर... आणि मग रोजच.

"तिथं एक माणूस कॉफी पितो ना, रत्ना, तेवढ्या पैशात इथं एक मुलगी दिवसभर जेवते. बरं दिसतं का हे?" त्याचा आवाज अडखळायचा. खोटं नव्हतं त्यात काही.

"बरं नाही दिसत. आणि तुझ्या मिशीला लागलेली कॉफीपण बरी नाही दिसत, अल्वा? हो ना?"

तो घाईघाईनं मिशी पुसायचा, तीही चुकीच्या बाजूची. मला तो आवडला होता. फार आवडला होता.

त्याच्या ऑफिसातल्या लोकांनी नाताळचं दान यंदा दसऱ्यालाच पाठवलं होतं. प्रत्येक मुलीला एक पेटी – स्वेटर, रंग, चॉकलेट. फक्त पेटी घेतानाचा फोटो हवा होता.

पोरींची तयारी मात्र वेगळीच चालली होती. दसऱ्यात आमच्या गावात घरोघरी बाहुल्या मांडतात. गल्लीतली मुलं दारोदार जाऊन विचारतात, "गोंबे कूर्सिदीरा?" – बाहुल्या बसवल्यात का? हो म्हणायचं, बाहुल्या दाखवायच्या आणि हातावर खाऊ ठेवायचा. त्या खाऊला बागिना म्हणतात. आमच्या पोरी दरवर्षी मागून यायच्या. वसतिगृहाच्या दारात मागायला मात्र कधी कुणी येत नसे. यंदा त्यांनी हट्टानं बाहुल्यांसाठी पायऱ्या रचल्या, त्यावर नकटा शेट्टी बसवला, चकल्या तळल्या आणि कागदाच्या पुड्या बांधल्या. पाहुणा येणार होता ना!

अनंत आला, पेट्या वाटल्या, फोटो काढले. शेवटी आमची आठ वर्षांची वेदवती पुढं झाली आणि दोन्ही हातांनी त्याच्यापुढं पुडी धरली.

"अगं, बेड, बेड! नको! मला कशाला? तुम्हालाच लागेल ते. तुम्हीच खा."

किती मायेनं म्हणाला! वेदवतीनं पुडी फ्रॉकमागं लपवली. लहानपणी हाच माणूस चामराजपुरमच्या प्रत्येक दारात हात पसरून उभा राहिला असेल. आमच्या दारात तेवढा त्याचा हात पुढं झाला नाही.

संध्याकाळी दाराच्या पायरीवर बसून तो म्हणाला, "रत्ना... माझ्याबरोबर चल. लग्न करू. तुला काही म्हणजे काही कमी पडू देणार नाही मी."

याच शब्दांची मी इतके दिवस वाट पाहत होते.

"आणि मी? मी तुला काय देऊ, अनंता?"

"तू कशाला काय द्यायचंस? तू नुसती ये."

पाऊस लागला होता. मी उठून पन्हाळीखाली बादली सरकवली.

"मला तू आवडतोस," मी म्हणाले, "पण मी नाही येणार. तुझ्या घरात मी जन्मभर पेटी हातात धरून उभी राहीन, रे."

त्याला कळलं नाही. डोळे भरून आले त्याचे, पण कळलं नाही.

विजयादशमी झाली. दुसऱ्या दिवशी विमानतळाकडं जाताना त्यानं आमच्या फाटकाशी टॅक्सी थांबवली. भिजत उतरला. हातात काही नव्हतं.

"गोंबे... कूर्सिदीरा?"

आत पायऱ्या मोडल्या होत्या, चकल्या संपल्या होत्या.

"कालच झोपवल्या, अनंता. विजयादशमीनंतर ठेवत नाहीत, विसरलास?" मी कसंबसं हसले. "पुढच्या वर्षी ये. मागायला ये. मी... मी वाट बघेन."

"येतो," तो म्हणाला. टॅक्सी वळणाआड जाईपर्यंत मी फाटक धरून उभी होते.

पुढच्या दसऱ्याला आम्ही पुन्हा पायऱ्या रचल्या. वेदवतीनं स्वतः एक पुडी बांधली, जरा मोठी, आणि शेट्टीच्या मांडीशी ठेवली. विजयादशमीच्या सकाळी फाटक वाजलं. मी पदर सावरत धावले.

कुरियरवाला होता. पेट्या आल्या होत्या, गेल्या वर्षीपेक्षा जास्त. पाठोपाठ फोनवर त्याचा निरोप आला: "यंदा फोटो नकोत, रत्ना."

तेवढं त्याला कळलं होतं. मी सही करून पेट्या आत घेतल्या.

संध्याकाळी बाहुल्या झोपवताना वेदवतीनं विचारलं, "अक्का, ही पुडी?"

"राहू दे आजचा दिवस," मी म्हणाले.