क्वांगमामाची हाडं

ए, दार लोटून घे. आणि मध्येच कोणी फिदीफिदी हसलं तर मी उठलो, सांगून ठेवतो. ही थाकची गोष्ट. आपल्याच गावचा, माझा दोस्त. खोटं रचायला त्याला तेवढं डोकंच नाही.

थाकचा क्वांगमामा आपल्यातला, शिवाला मानणारा. मामी पलीकडच्या गावची, बानी, म्हणजे अल्लाला मानणारी. आपले पूर्वज कधी काळी एकाच देवळात जायचे. पुढे अर्धे मशिदीकडे वळले, अर्धे राहिले. भांडणं मिटली, पण मेल्यावरची वाट वेगळी ती वेगळीच. आपल्याला जाळतात, कपाळाच्या हाडाचे नऊ तुकडे डबीत ठेवतात आणि आईच्या कुळाच्या दगडांखाली पुरतात. बानी माणूस अख्खा मातीत जातो. मामा गेला तेव्हा त्याची डबी दगडांखाली जायची वेळ येईपर्यंत मामीनं आपल्या द्राक्षमळ्यात पुरून ठेवली. तिचा जीव त्या डबीतच अडकलेला. 'मला जाळा, त्यांच्याजवळ ठेवा,' म्हणून भावाच्या पाया पडली. तो म्हणाला, 'गप बस, म्हातारचळ लागलाय तुला.' मला अजून वाईट वाटतं त्या बाईचं.

गेल्या वर्षी, आपल्या पितरांच्या काते सणाची तिसरी रात्र. पहाटे दगडांपाशी विधी होता, म्हणून थाक मोटारसायकलवर डबी आणायला गेला. मामीनं द्राक्षमळ्यातून ती उकरून आणली, त्याच्यासमोर हाडं मोजली. नऊ.

"दे मामी, उशीर होतोय."

"देते रे. इतकी वर्षं माझ्याजवळ होते ते." मग हळूच म्हणाली, "थाक, मलाही ने ना."

"पुजारी मला वाळीत टाकेल. आणि तुझा भाऊ तंगडी मोडेल ती वेगळीच."

ती हसली. हसता हसता खोकली. डोक्यावरच्या फडक्यानं डबी पुसली आणि त्याच्या हातात दिली.

हाडं नेताना बोलायचं नाही, मागं बघायचं नाही, माहीत आहे ना? थाकनं डबी सदऱ्याच्या आत छातीशी बांधली. साडेदहा झाले असतील. बानींचं कब्रस्तान मागं पडलं... आणि गाडी मागून दबली.

कोणी बसावं तशी.

त्याला वाटलं, चाक बसलं. पण गाडी नीट चालत होती.

मग खोकला... कानाजवळ. ओळखीचा.

थाक बोलला नाही. वळला नाही.

दोन हात कमरेभोवती आले. गार. वर सरकले. डबीपाशी थांबले...

टक.

झाकण.

हात गेले. गाडी हलकी झाली...

पहाटे पुजाऱ्यानं डबी उघडली. हाडं मोजली. पुन्हा मोजली. दहा. नऊ जुनी, काळवंडलेली. दहावं पांढरं. आग न पाहिलेलं.

परक्या कुळाचं हाड त्या दगडांखाली जातच नाही. पुजारी ते बोटांत धरून उभा राहिला... बराच वेळ. मग परत डबीत ठेवलं, झाकण लावलं. "पुरा," एवढंच म्हणाला.

तेवढ्यात फोन आला. मामी गेली. रात्रीच, थाक निघाल्यावर थोड्या वेळानं.

थाक मामीच्या मातीला गेला. मामीचा भाऊ त्याला बाजूला घेऊन म्हणाला, "आंघोळ घालणाऱ्या बायका घाबरल्यात... तूच बघ."

थाकनं पांढरं कापड सारलं. कपाळावर बोट ठेवलं. बोट आत गेलं... चिंचोक्याएवढा खळगा.

वर कातडी कुठंच फाटलेली नव्हती.