बोअरवरची काळी नळी

मोरू शेलारवर आजवर कुणापुढे हात जोडायची वेळ आली नव्हती. तीस वर्षं त्यानं दिघाशी आणि आसपासच्या गावांतल्या बोअरच्या मोटारी सांभाळल्या होत्या. त्याच्या हातून गेलेल्या वायरनं कुणाला साध्या झिणझिण्याही आल्या नव्हत्या. सोमवारी सकाळी मात्र तो नारपोलीत, यंत्रमागांच्या खडखडाटावरच्या पहिल्या मजल्यावर, विनिता भोईरसमोर हात जोडून उभा होता.

"ताई, परवाना जाईल तो जाईल. पण ठकुबाईचा हात माज्यामुळं गेला असं गाव बोलतंय. ते मला गिळवत न्हाय."

विनिता पूर्वी विमा कंपन्यांसाठी जळालेली गोदामं तपासायची. आता तिचं स्वतःचं तपासाचं ऑफिस होतं, आणि त्या ऑफिसात तिचे मामा हिरामण होते. मामा निवृत्त हवालदार. गुन्हा समजून घ्यायच्या आधीच आरोपी ठरवायची त्यांची सवय नोकरीबरोबर सुटली नव्हती.

"बोअरचा मालक!" मामांनी जाहीर केलं.

"मामा, आधी ऐकू या," विनिता म्हणाली. "बसा मोरूकाका. पहिल्यापासून सांगा."

मोरूनं सांगितलं. दिघाशीतल्या बाळारामच्या बोअरवर वडपे गावच्या गोदामांचे टँकर भरतात. बोअरच्या तोंडाशी लोखंडी पाइपाच्या कडेला घासून मोटारीच्या केबलचं वरचं आवरण सोललं होतं. मंगळवारी मोरूनं लाइट बंद करून केबल कोरडी केली, रबराची टेप ताणून अर्ध्यावर अर्धी अशी गुंडाळली, वरून काळी टेप मारली. बाळारामला बजावलं, ही आठ दिवसांची सोय आहे, मग मोटार वर काढून केबल बदलायची. बुधवारी संध्याकाळी जाऊन त्यानं टेप पुन्हा बघितली. जशीच्या तशी होती. शुक्रवारी सकाळी ठकुबाई कळशी भरायला गेली, तिनं पाइपाला हात टेकला आणि ती फेकली गेली. जीव वाचला, पण उजवा हात अजून हलत नव्हता.

"तो केबलचा तुकडा तुम्ही नंतर पाहिलात?"

"न्हाय. पोलिसांनी कापून नेला. तुजी टेप सुटली, एवढंच मला सांगितलं."

पोलीस ठाण्यात मामांच्या हाताखाली शिकलेला एक हवालदार होता, म्हणून काम झालं. त्यानं लिफाफ्यातून पारदर्शक पिशवी काढून टेबलावर ठेवली. मोरूनं वाकून बघितलं.

"ही टेपच न्हाय! ही नळी हाय."

खरंच, वीतभर काळी नळी केबलवर बसली होती. तापवली की आवळते, ती. दुकानात स्लीव्ह म्हणून मिळते. एका बाजूनं घट्ट, दुसऱ्या बाजूनं सैल राहिलेली, आणि त्या सैल बाजूलाच पाइपाच्या कडेनं आतल्या तारेपर्यंत कापलेली. विनितानं पिशवी उलटसुलट करून पाहिली. तेवढा काप सोडला तर नळी अखंड होती, कुठे उभी चिरलेली नव्हती, आणि आतली केबलही कुठे तोडून जोडलेली नव्हती.

"पंचनाम्यात तर 'काळी टेप' लिहिलंय," ती म्हणाली.

हवालदार ओशाळला. "काळं दिसलं, टेप लिहिली. त्याच जागी सील केलं, ताई. तुमच्याआधी कुणाला दाखवलेलं नाही." मग मोरूकडे न बघता तो म्हणाला, "तसंही साहेबांचा भर जबाबावर आहे. यांच्या मुलानंच दिलाय. बाबांची नजर कमी झालीय, हात थरथरतात म्हणून."

मोरूला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. भूपेश? ज्याला त्यानं हात धरून वायर सोलायला शिकवली, तो? बाहेर येऊन तो स्कूटरवर मामांच्या मागं बसला आणि विनिताच्या गाडीमागून दिघाशीला निघाला.

बोअरवर बाळाराम भेटला. त्याच्या कमरेच्या करगोट्याला किल्ल्यांचा जुडगा लटकत होता.

"मी तं हितं न्हवतोच," तो म्हणाला. "बुधवारी राती भाचीच्या लग्नाला पालघरला गेलो, तो शनवारी आलो. स्टार्टरची खोली कुलपात. टँकरवाल्यांसाठी भाईर बटन हाय, चालू-बंद करायला. आत जायचं कुणाला काम न्हाय."

"किल्ल्या किती?"

"दोन. एक ही, माज्यासंगं पालघरला होती. दुसरी मोरूच्या घरी."

"बघ!" मामा विनिताच्या कानात म्हणाले. "मोरूच सापडतोय." मोरूला ते ऐकू आलं. मामांची कुजबुज अर्ध्या गावाला ऐकू जात असे.

टँकरचा ड्रायव्हर दीपेश टँकरला पाइप लावत होता. विनितानं त्याला विचारलं, गुरुवारी काही वेगळं घडलं का.

"घडलं ना मॅडम. मी सकाळी दहाला भरून गेलो, एकदम ओके. दुपारी दोनला आलो तर पाणीच नाय. म्हणजे येत होतं, पण धार एकदम बारीक. अर्धा टँकर भरायला दीड तास. बाळारामशेठला फोन लावला, तो बोलला मी लग्नात आहे, उद्या बघू. संध्याकाळी पाचला परत आलो तर फुल प्रेशर! कुणी काय केलं, अपने को क्या मालूम."

"मोटार उलटी फिरली असंल," मोरूच्या तोंडून निघून गेलं. "तीन वायरींतल्या दोन अदलाबदल झाल्या की असंच होतं."

"आणि त्या कुठे अदलाबदल होतात?"

"स्टार्टरवर." तो म्हणाला. घरातल्या खिळ्यावरची किल्ली त्याला आठवली, पण तो विचार त्यानं मागं ढकलला.

घरी मोरूच्या बायकोनं, बायजाबाईनं, पाण्याचा तांब्या पुढे केला. विनितानं किल्लीचं विचारलं.

"किल्ली कुटं जातेय? ती काय, खिळ्यावर." बायजाबाईनं बोट दाखवलं, पण त्या बाजूला बघितलं नाही.

"गुरुवारी काका कुठे होते?"

"कल्याणला, कामावर. रातीच आले."

"आणि भूपेश?"

"त्याला गुरवारी सुट्टी असते," बायजाबाई म्हणाली आणि तांब्या घेऊन आत वळली.

दुपारच्या ड्युटीला निघालेला भूपेश ओटीवर आला. वडप्याच्या एका गोदामात तो इलेक्ट्रिशियन होता, इस्त्रीचा शर्ट, खिशाला कंपनीचं कार्ड. मोरूनं विचारलं ते एकच.

"माजी नजर कमी झाली, असं लिवून दिलंस?"

"तुमच्या भल्यासाठीच, बाबा. म्हातारपणी चूक झाली म्हटलं तर केस हलकी होते."

"चूक झालीच न्हाय!"

"कसं न्हाय? लायटरनं तापवली की नळी एका बाजूला कच्ची ऱ्हाते, हे आता तुम्हाला दिसत न्हाय. तेच बोललो मी."

दिसत नाही! मोरूच्या डोक्यात तेवढाच शब्द घणासारखा बसत राहिला. या डोळ्यांनी पोराच्या बोटातली कुसळं काढली होती.

"तू तो तुकडा पाहिलास का?" विनितानं सहज विचारलं.

"न्हाय. शुक्रवारी मी ड्युटीवर होतो. त्या बोअरवर मी या वर्षात पाय ठेवला न्हाय."

विनिता ओटीच्या कडेला बसली. "मामा, कागद काढा. मोरूकाका, तुम्हीही बसा. ऐकायला जड जाईल."

मोरू बसला नाही.

"टेप कुठेही गुंडाळता येते," विनिता म्हणाली. "केबल जागची न हलवता. पण अखंड नळी केबलच्या मधोमध कशी चढेल?"

"चिरून," मामा म्हणाले.

"चिरलेली नाही. म्हणजे ती केबलच्या टोकावरून ओवायला हवी. एक टोक मोटारीला, जमिनीखाली दोनशे फुटांवर. मोटार वर काढली असती तर टँकरच भरले नसते. उरलं दुसरं टोक, स्टार्टरवरचं, कुलपाच्या आत."

"मग किल्लीवाला!" मामा म्हणाले.

"तो कधी आत गेला तेही कळतं. गुरुवारी दहा ते दोनच्या मध्ये कुणीतरी वायरी सोडल्या, नळी ओवली आणि परत जोडताना दोन वायरी उलटसुलट केल्या. पाणी बारीक झालं. पाचच्या आत त्यानं येऊन ते दुरुस्तही केलं. धार बघून चूक ओळखणारा माणूस वायरमनच असणार. बाळाराम त्या वेळी पालघरला होते, किल्लीसकट, आणि तिथेच त्यांना दीपेशचा फोन गेला होता. मोरूकाका कल्याणला. राहिली या घरातली किल्ली, आणि गुरुवारी या घरात असलेला वायरमन."

भूपेश हसायला गेला. "किल्ली कुणीबी नेऊ शकतं, मॅडम."

"शकतं. पण पंचनाम्यात टेप लिहिलीय. नळी आहे हे आम्हालाही आज सकाळी कळलं, आणि काका तेव्हापासून आमच्याबरोबर आहेत. तुकडा न बघता तुला नळी कशी माहीत? ती लायटरनं तापवली, एका बाजूला कच्ची राहिली, हे कुणी सांगितलं?"

 मोरूला ते वाक्य आता पुन्हा ऐकू आलं, या वेळी पुरतं. लेकाच्या तोंडून समोर उभं राहून ऐकलं होतं आणि अपमानापायी त्याचा अर्थच लागला नव्हता.

"बाळारामशेठला पक्कं काम दाखवायचं होतं," भूपेश खाली बघत म्हणाला. "सगळ्या बोअरचं काम माज्याकडं आलं असतं. तुमची टेप काढली आन नळी घातली. नळी तापवायची बत्ती न्हवती, लायटर होता. मला काय ठावं, असं होईल?"

"मंग शुक्रवारी बोलला का न्हाईस?"

"नोकरी गेली असती."

बायजाबाई दारात उभी होती. मोरूनं तिच्याकडं बघितलं आणि त्याला कळून चुकलं. "तू किल्ली नेताना बगितलंस त्याला."

"पोराचं अख्खं आयुष्य पडलंय," ती पदर तोंडाला लावून म्हणाली.

"आन माजं?"

 या दोघांनी चार दिवस त्याच्या ताटात भाकरी वाढली होती, त्याच्यासमोर बसून खाल्ली होती, आणि गाव त्याच्यावर थुंकत असताना मान खाली घालून ऐकलं होतं. मोरूला रडू येत होतं, पण त्याहून जास्त राग येत होता.

"येडा हायस तू," तो लेकाला म्हणाला. "शुक्रवारी येऊन पाया पडला असतास, तं मी सोता माज्यावर घेतलं असतं. तुला विचारायचंबी जड झालं? न विचारता माजं नाव घालवलंस, वर डोळेबी काढलेस."

हिरामणमामांनी पेन उघडून तसंच धरलं होतं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना आरोपी सापडल्याचा आनंद झाला नव्हता.

"काका," विनिता हळू आवाजात म्हणाली, "मला तुम्ही नेमलंय. हा अहवाल पोलिसांना द्यायचा की नाही, ते तुम्ही सांगा."

बायजाबाई पुढे झाली, नवऱ्याचा हात धरायला. मोरूनं हात मागं घेतला.

"तिकडं ठकुबाईचा हात पडलाय," तो म्हणाला. "लिवा मामा. नाव लिवा, भूपेश मोरू शेलार. मधी माजं नाव येतं त्याला, ते काय कापता येत न्हाय."

मामांनी लिहिलं. मोरू समोर उभा राहून, चष्मा न लावता, अक्षर न अक्षर वाचत होता.